माणशी पाणी

वर्ध्याच्या आमच्या अपार्टमेंटमध्ये उन्हाळ्यात बोअर आटते आणि टँकर बोलवावा लागतो. त्याचा खर्च सगळ्या फ्लॅटांवर सारखाच पडायचा. मी एकटी राहते. यंदा मीटिंगमध्ये उभी राहून मी म्हटलं, गावजेवणाला आम्ही माणसं मोजून वर्गणी काढायचो, तसा टँकरही माणशी लावा. लोक कुरकुरले, पण ठराव झाला.

मे महिन्यात हिंगणीहून आणि सेलूहून माझ्या दोन्ही लेकी पोरं घेऊन आल्या. मला आणि धाकटीच्या तान्ह्या बाळाला धरून आठ माणसं झाली. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचे रिटायर गुरुजी. दर रविवारी वही घेऊन ते दारोदार माणसं मोजत. त्या रविवारी सकाळपासून मला बसवेना. जिन्यात पाय वाजला की मी पोरांना आतल्या खोलीत लोटायची आणि बाहेरून कडी लावायची. हसू नका, दंगा करू नका, हेच चाललं होतं माझं. शेवटी थोरली चिडली.

"आई, काऊन लपवून राह्यली लेकरायले? आम्ही का चोर आहो?"

मी चपला घातल्या आणि वर गेले.

"गुरुजी, माह्याकडे आठ लिहा."

ते हसले. "नियम तुमचाच होता ना बाई? जाऊ द्या, तान्ह्या लेकराचं रडणं वर ऐकू येते, त्याले सोडतो. सात लिहितो."

"सोडू नका. त्याचेच लंगोट सगळ्यात जास्त पाणी पेतात."

खाली आले तर पोरं अजून आत गप्प बसलेली. मी कडी काढली आणि म्हटलं, "करा आता दंगा."