डावीकडे सरकलेली हनुवटी

केतकी आरशासमोर टिकली लावत होती आणि मी तिच्या मागे उभी होते. टिकली, नाक, ओठ एका रेषेत होते. माझ्या एकोणीस वर्षांच्या लेकीची हनुवटी मात्र डावीकडे सरकली होती.

मला पहिला संशय आला तो तिचाच. "एकाच बाजूनं चावतेस तू. वाचतानाही गाल हातावर टेकवून बसतेस," मी म्हणाले. मग रोज जेवताना मी तिच्या तोंडाकडेच बघत राहायची. आपल्या माणसाला काही झालं की आपण आधी त्याची चूक शोधतो. ती सापडली की आपली भीती जरा कमी होते.

वर्षभरानं तिचे दात एकमेकांवर बसेनात, तेव्हा डॉक्टरांकडे गेलो. उजव्या कानापुढे, जबड्याच्या सांध्यातलं हाड वाढत होतं आणि हनुवटीला डावीकडे ढकलत होतं.

"सवयीमुळे ना?" मी विचारलं.

"नाही. कशामुळे वाढतं ते नक्की सांगता येत नाही."

मला त्यांचाही संशय आला. पण तपासणीत वाढ अजून चालूच असल्याचं दिसलं. शस्त्रक्रिया करून त्यांनी त्या हाडाचा वाढता माथा काढला. सूज उतरली तसा चेहरा बराच सरळ दिसू लागला.

एकदा खिमट भरवताना मी म्हणाले, "तुझी काहीच चूक नव्हती गं."

केतकी जपून बोलली, "वर्षभर मी मोजून चावत होते, आई. दहा वेळा इकडे, दहा वेळा तिकडे."

इतकं रोखून बघत असूनही मला ते कधी दिसलं नव्हतं.