हवेत पाडलेली सहा भोकं

माझं डोकं मूळचंच तापट. त्यात चार वर्षं भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये नुसतं बटण दाबायचं काम केलेलं. जॉब लावायचा, म्हणजे लोखंडाची पट्टी व्हाइसमध्ये आवळायची, दार ओढायचं, हिरवं बटण दाबायचं, की मशीन आपलं आपण भोकं पाडतं. ड्रिलनं कुठं जायचं, किती खाली उतरायचं, हे सांगणारा प्रोग्रॅम लिहायचा तो सेटरकाकांनी. ते चाकणच्या मोठ्या कंपनीत निघालेत आणि जागा रिकामी होणार, हे कळलं तशी मी थेट साहेबांच्या केबिनमध्ये शिरले आणि म्हटलं, ती जागा मला द्या. साहेब हसले नाहीत, एवढं त्यांचं चांगलं. म्हणाले, उद्या पहिल्या पाळीत सहा भोकांच्या पट्टीचा प्रोग्रॅम तुम्ही लिहा. सलग तीन जॉब बरोबर आले तर सेटर तुम्ही, नाहीतर बटण आहेच.

त्या संध्याकाळी माझ्या दोन पोळ्या करपल्या आणि भाजीत मीठ दोनदा पडलं. घरच्यांनी माझ्या तोंडाकडं बघत तेच खाल्लं.

मशीनला माप सांगायच्या दोन तऱ्हा काकांनी मला शिकवल्या होत्या. एक ‘जी नव्वद’, म्हणजे इंग्रजी G अक्षर आणि पुढं नव्वद. त्यात पट्टीचा डावा कोपरा म्हणजे शून्य, आणि प्रत्येक माप तिथूनच धरायचं. दुसरी ‘जी एक्क्याण्णव’. त्यात ड्रिल आत्ता जिथं उभं आहे तिथून पुढं. पहिल्यात वीस म्हणजे कोपऱ्यापासून वीस, दुसऱ्यात वीस म्हणजे आणखी वीस. माझी भोकं चाळीस-चाळीस मिलिमीटरवर होती. मी पहिलं भोक कोपऱ्यापासून वीसवर धरलं, मग जी एक्क्याण्णव लिहून पाच वेळा ‘पुढं चाळीस’ म्हटलं, आणि शेवटी ड्रिल वर घेतलं. छोटा, सुटसुटीत प्रोग्रॅम. मी स्वतःवरच भलती खूश.

पहिला जॉब अस्सा निघाला म्हणून सांगू! सहाच्या सहा भोकं जागच्या जागी. आजूबाजूच्या मशीनवरचे सगळे गोळा झाले. मी ऐटीत दुसरी पट्टी लावली आणि बटण दाबलं.

ड्रिल निघालं ते पट्टीकडं न येता उलट्याच दिशेला, बाजूला, वर. आणि पट्टी सोडून पार पलीकडं, रिकाम्या हवेत, कूलंटच्या गार पाण्याची धार सोडत त्यानं मन लावून सहा भोकं पाडली. पट्टी कोरी ती कोरीच. मागं हसण्याचा फवारा उडाला. कोणीतरी म्हणालं, ताई, ही भोकं पॅक कशात करायची? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि त्याच्या दुप्पट राग आला. काका हाताची घडी घालून उभे. त्यांना कळलं होतं, पण परीक्षा माझी होती, म्हणून ते बोलत नव्हते.

मी स्टूल ओढून स्क्रीनपुढं बसले. तोच प्रोग्रॅम, तीच पट्टी, मग बिघडलं कुठं? आणि एकदम मला माझा भोसरीतला पहिला दिवस आठवला. लग्न करून लातूरकडून आलेली मी. नवऱ्यानं फोनवर सांगितलेलं, उतरलीस की दुसऱ्या चौकात डावीकडं, मग तिसरी गल्ली. मी एक थांबा आधी उतरले आणि त्यानं सांगितलं तस्संच चालत भलत्याच कारखान्याच्या दारात जाऊन उभी राहिले. आमच्या गावात असं कधी होत नाही, कारण तिथं सगळं मारुतीच्या पारापासून सांगतात. तुम्ही कुठंही उभे असा, पार हलत नाही.

अगं बाई! ड्रिलचंही तेच झालं होतं. सकाळी मशीन सुरू झालं तेव्हा ते आपसूक पारापासून मोजत होतं, पण पहिला जॉब संपला तेव्हा ते ‘इथून पुढं’मध्येच राहिलं होतं. मी त्याला परत पारापासून मोज असं सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या वेळी ‘वीस’ म्हटल्यावर ते जिथं थांबलं होतं तिथून आणखी वीस गेलं बिचारं. प्रोग्रॅमच्या डोक्यावर मी जी नव्वद घातलं आणि केबिनकडं तोंड करून ओरडलेच, साहेब, पट्टी खराब झालेली नाही, आता पुन्हा एकपासून मोजा!

एक. दोन. तीन. तिन्ही पट्ट्या टेबलावर ओळीनं ठेवल्या. काकांनी घडी सोडून पहिल्यांदा टाळी वाजवली. साहेब आले, पट्ट्यांवरनं बोट फिरवलं आणि कौतुकानं म्हणाले, “बाईमाणसाच्या मानानं फारच छान केलंत, ताई.”

सगळे हसरे चेहरे करून माझ्याकडं बघत होते. मी आभार मानायचे होते. पण आत्ताच कुठं डोक्यात लख्ख झालेलं, आणि स्वभाव तर सांगितलाच.

“कुणाच्या मानानं नको, साहेब,” मी व्हर्नियर त्यांच्यापुढं धरला. “कोपऱ्यापासून मोजा.”

काका खोकले. साहेबांनी माझ्याकडं बघितलं, मग चष्मा लावला. अठराच्या अठरा भोकं त्यांनी एकेक करून मोजली. कुणी जागचं हललं नाही. शेवटी व्हर्नियर खाली ठेवून ते म्हणाले, “बरोबर आहेत.”