ऑटोवर राहिलेली मोटर

शनिवार, २७ डिसेंबर २०२५. दोन तंबू, चार माणसे, एक रात्र, जेवणासकट सहा हजार आठशे चाळीस रुपये. हा आकडा बाबांच्या कानावर जाऊ द्यायचा नाही, असे ऋतुजाने नवऱ्याला बजावले होते. पण बिछुव्याच्या पुढे, जंगलाच्या फाटकावर, विशालने पावती दाखवायला मोबाईल पुढे केला आणि मागच्या सीटवरून प्रभाकर खोडे यांनी तो वाचला.

"एवढ्यात सौंसरात महिन्याभराची खोली भेटते," ते म्हणाले.

"तिथं तलाव भेटत नाही ना बाबा," ऋतुजा म्हणाली.

प्रभाकरराव बी.कॉम. होऊन छिंदवाड्याहून परतले आणि सौंसरच्या एका सहकारी संस्थेत हिशेबनीस म्हणून चिकटले, त्याला चौतीस वर्षे झाली होती. येत्या जूनमध्ये नोकरी संपणार होती. संस्थेला पेन्शन नव्हती. म्हणून सात वर्षांपूर्वी मोहगाव रस्त्यावरच्या वडिलांच्या शेतात त्यांनी संत्र्याची दोनशे चाळीस झाडे लावली. पुढचे सगळे आयुष्य त्या झाडांवर काढायचे होते. लग्न, मयत आणि दवाखाना सोडला तर हा माणूस रात्री घराबाहेर राहिलेला नव्हता. लेकीने निवृत्तीआधीची भेट म्हणून ही सहल ठरवली तेव्हा त्यांना नाही म्हणवेना. मनात मात्र एकच होते: बाग ताणावर आहे.

संत्र्याला डिसेंबरात महिनाभर पाणी तोडतात. पाने मलूल होतात, गळतात, मालकाला बघवत नाही. मग जानेवारीत पाणी सोडले की झाड फुलांनी लदबदते. मधेच पाणी मिळाले, तर झाड फुलायचे विसरून पाने काढत बसते आणि अख्खे वर्ष हातचे जाते. या बागेचा हा पहिलाच पुरा बहार होता, आणि ताणाचा बाविसावा दिवस.

तलाव खरोखर सुंदर होता. पलीकडच्या काठावर सागाचे रान, मधल्या वाळक्या खोडावर पंख पसरून बसलेले पाणकावळे. विशालने दोन झाडांना झुला बांधला, ऋतुजाच्या आईने, वंदनाबाईंनी, घरून आणलेला चिवडा काढला. चारच्या सुमारास कॅम्पवरचा माणूस तलावातून टाकी भरत होता. मोटर घरघरली आणि बंद पडली. लाईट गेली होती. तरीही तो माणूस उठला, पेटीपाशी गेला आणि बटण बंद करून आला.

प्रभाकररावांच्या तोंडचे पाणी पळाले.

सकाळी फवारणीचा ड्रम भरायला ते बागेत गेले होते. ड्रम बागेतच होता, म्हणून ठिबकच्या नळीतून तो भरायला कॉक उघडला आणि मोटर लावली. नळीत पाणी चढायच्या आतच नऊ वाजले, शेतीची वीज गेली, मोटर थांबली. रस्त्यावर विशाल हॉर्न वाजवत होता. त्यांनी स्टार्टरच्या पेटीला कुलूप घातले आणि निघाले. मोटर आपोआप थांबली होती. त्यांनी ती बंद केलीच नव्हती. स्टार्टर ऑटोवर होता. पहाटे चारला वीज येणार, मोटर स्वतःहून सुरू होणार, आणि उघड्या कॉकमधून दोनशे चाळीस झाडांना पाच तास पाणी जाणार.

मोबाईलवर टॉवरची एकही काडी नव्हती.

"पिवळ्या खुणेची वाट धरा," कॅम्पचा माणूस म्हणाला. "दीड किलोमीटरवर मनोरा आहे, तिथं लागतो. पण सहाच्या आत परत या. सहाला फाटक बंद, मग गाडी सकाळी सहालाच."

"जरा पाय मोकळे करून येतो," प्रभाकररावांनी घरच्यांना सांगितले.

"आत्ताच त म्हणत होते, गुडघा दुखून राहिला," वंदनाबाई म्हणाल्या, आणि चपला घालून मागोमाग निघाल्या.

दर दहा पावलांवर ते मोबाईल उंच धरत होते. पिवळी खूण चुकून ते एकदा नाल्यात उतरले, परत वर आले. पायाखाली सागाची पाने कडकड वाजत होती.

"अहो, कोन्ता वाघ लागला मागं?"

मग त्यांनी सांगितले. वंदनाबाई जागीच थांबल्या.

"विशालले सांगा न मंग. गाडी काढीन तो."

"पोरीनं एवढे पैसे भरले. काय तोंडानं सांगू?"

मनोऱ्यावर दोन काड्या आल्या. बागेचे काम बघणारा चिंधू नवस फेडायला जामसांवलीच्या मारुतीला गेला होता, तिथेच मुक्काम होता. त्याचा फोन बंद. तीनदा लावला, तीनदा बंद.

"मनकर्णाबाई शेतातच राह्यते," वंदनाबाई हळूच म्हणाल्या.

मनकर्णाबाई शेजारच्या शेताची मालकीण. सहा वर्षांपूर्वी प्रभाकररावांनी पटवारी आणून हद्द मोजली, सामाईक धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, बाभूळ तोडली, लाकूड काट्यावर तोलले आणि बरोबर अर्धे तिच्या दारात नेऊन टाकले, वजनाच्या चिठ्ठीसकट. हिशेबात एका किलोची चूक नव्हती. पण ती बाभूळ तिच्या गेलेल्या नवऱ्याने लावली होती आणि तिला कोणी विचारले नव्हते. तेव्हापासून बोलणे बंद.

सूर्य सागाच्या शेंड्याला टेकला होता. त्यांनी खिशातल्या डायरीतून नंबर काढून लावला.

"कोन?"

"मी प्रभाकर."

"कोन्ता? मले एक प्रभाकर माहीत होता. त्याची जबान गेली म्हन्ते सहा वर्षांपासून."

वंदनाबाईंनी तोंडावर हात धरला.

"काकू, माही मोटर ऑटोवर राह्यली. ठिबकचा कॉक खुला आहे. चारला लाईन येईन."

"मंग?"

"बागेचा ताण तुटते काकू."

"अन म्या काय करू? तुमच्या धुऱ्यावर पाय ठेवू? आधी पटवाऱ्याले इचारा, कोन्ता पाय कोनाच्या हद्दीत पडते त."

"हात जोडतो. पेटीले कुलूप आहे, ते फोडा, बटन बंद करा."

"फोडू? अन मंग त्याचंही वजन करून अर्धं..."

फोन कटला. पुन्हा लावला तर लागेना. ती जाणार की नाही, हे कळायच्या आत दोघांना खाली उतरावे लागले.

रात्री शेकोटीभोवती विशाल कॉलेजच्या गोष्टी सांगत होता. प्रभाकरराव दर वेळी सगळे हसून झाल्यावर हसत होते. तंबूत या कुशीवरून त्या कुशीवर झाले. चारला दहा मिनिटे असताना ते उठून बसले.

"झोपा न," वंदनाबाई म्हणाल्या. "ती गेली असन."

"कशावरून?"

"झाडाचं पाहीन ती. तुमचं नाही."

सकाळी सहाला फाटक उघडले तेव्हा गाडी तिथे उभी होती. आईने सगळे सांगून टाकले होते. ऋतुजा फणफणली होती.

"काल सांगितलं असतं तर पाच वाजताच निघालो असतो! आता सकाळची होडीची फेरीही गेली अन बागही. माझी सुट्टी तुम्ही मोटरीसोबत काढली, बाबा."

"चुकलं," प्रभाकरराव म्हणाले. विशालने गाडी थेट शेताशी नेऊन थांबवली.

मोटर बंद होती. पेटीचे कुलूप फुटून खाली पडले होते, पेटीला दुसरेच नवे कुलूप लटकत होते. ते बागेत धावले. प्रत्येक झाडाखाली ताटाएवढी जमीन ओली होती. त्यांनी गुडघा टेकून बोट खुपसले. बोटाची दोन पेरे ओल लागली.

धुऱ्यावर मनकर्णाबाई उभी होती, हातात दुधाची कॅन.

"किती वेळ चालली काकू?"

"आवाज आला तशी उठली. पाय जड माह्ये. अर्धा घंटा झाला असन."

"रातीच पाह्यलं असतं त..."

"साप-किरडात मरू काय तुमच्यासाठी? वाजली त जाईन म्हटलं, गेली." तिने कनवटीची किल्ली काढून त्यांच्याकडे टाकली. "पेटी उघडी ठेवता येते काय? चोट्टे वायर काढून नेतात. माह्या फाटकासाठी आनलं होतं ते कुलूप. एकशे साठाचं."

प्रभाकररावांनी लगेच पाकीट काढले.

"वावरात पैसे घेत नसतो आम्ही," ती म्हणाली. "घरी या. बसून द्या." आणि पाठ फिरवून चालू लागली.

जानेवारीच्या मध्यावर त्यांनी बागेला पाणी सोडले. पुढचे तीन आठवडे ऑफिसला जायच्या आधी आणि आल्यावर, रोज दोनदा, ते फांद्या निरखत राहिले. विहिरीजवळच्या दोन ओळींना, जिथे पाणी आधी पोचले होते, नुसती कोवळी पाने आली. बाकी बाग फुलली. आता शेतात शिरण्याआधी रस्त्यावरच फुलांचा वास येतो.

मनकर्णाबाईच्या अंगणापर्यंत ते दोनदा जाऊन आले. एकदा ती घरी नव्हती. एकदा होती, चुलीपाशी कोणाशी तरी बोलत होती, तर ते बाहेरूनच वळले. "अजून नाही गेले?" वंदनाबाई विचारतात. "जातो," ते म्हणतात.

आज १८ फेब्रुवारी. मनकर्णाबाईचे कुलपाचे एकशे साठ रुपये द्यायचे बाकी आहेत.