नाल्कु मंदीची दुसरी कॅसेट

अस्तराच्या कापडाला कात्रीने बोटभर खाच द्यायची आणि मग दोन्ही कडा मुठीत धरून ते सरळ फाडत न्यायचं, ही आमच्या हुबळीच्या दाजीबानपेठेतल्या कापडाच्या दुकानाची आजोबांपासूनची रीत. फाडताना कापडाला एक आवाज असतो. कोरडा, बारीक, शेवटाकडे किंचित उंच होत जाणारा. जन्मापासून तो कानांवर इतका पडला आहे की तो आहे हेच मी विसरून गेले होते. भाद्रपदातल्या एका दुपारी, पावसाची सर येऊन गेल्यावर पेठेत ओल्या धुळीचा आणि नव्या कापडाच्या खळीचा वास एकमेकांत मिसळलेला असताना, मी एका बाईंसाठी मीटरभर अस्तर फाडलं आणि ते काही न बोलता माझ्या हातांत दोन झालं. मी आणखी एक पट्टी फाडली, मग आणखी एक. बाई माझ्याकडे बघत राहिल्या आणि मी उगाचच, कापड चांगलं आहे, असं म्हणाले.

कानाच्या डॉक्टरांनी कागदावर उतरत जाणारी एक रेघ काढून दाखवली. बारीक आणि उंच आवाज आधी जातात, जाड आणि खालचे पुष्कळ वर्षं सोबत करतात. यंत्र लावलंत तर गिऱ्हाइकांचं बोलणं कळेल, पण गेलेलं परत यायचं नाही, असं त्यांनी शांतपणे समजावलं. छप्पन्नाव्या वर्षी याचं फार आश्चर्य वाटू नये. घरी परतताना मला खरं तर पुष्कळ गोष्टींचं दुःख व्हायला हवं होतं. थोरल्या भावाच्या नातीच्या हसण्याचं, पहाटे गच्चीच्या कठड्यावर येणाऱ्या पाखरांचं. पण रिक्षात बसल्या बसल्या पहिलं जे मनात आलं ते सांगायची लाज वाटते. मी अजून दुसरी कॅसेट ऐकलेली नाही, आणि आता हातात फार दिवस नाहीत, एवढंच मला सुचलं.

‘नाल्कु मंदी’ हे धारवाडच्या चार पोरांच्या बँडचं नाव. कन्नडमध्ये त्याचा अर्थ चार माणसं, एवढाच. दुकानदाराच्या घरात मंदीचं नाव घेऊ नये, अशी वडील थट्टा करायचे आणि मी कॅसेट लावली की गल्ल्यावरूनच कपाळाला हात लावायचे. मी तेव्हा रोज हुबळीहून बसने धारवाडच्या कॉलेजात जात असे. गॅदरिंगच्या मांडवात, माघातल्या कोवळ्या उन्हात, ते चौघं पहिल्यांदा दिसले. एक ओळ मराठी, एक ओळ कन्नड, आमच्या घरात आम्ही बोलतो तशीच सरमिसळ करत गाणारे. आपण बोलतो ती भाषा गाण्यात येऊ शकते हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. माधव नावाचा त्यांचा गायक अंतऱ्याच्या शेवटी आवाज अलगद वर नेई, जिथे बाकीच्या गायकांचा आवाज ताणला जातो तिथे त्याचा नितळ होई, आणि मांडवाच्या कापडातून गाळून येणारं ऊन आणि तो स्वर यांत फरक करणं मला त्या दिवशी जमलं नाही. सुभाष रोडवरच्या एका दुकानातून मी त्यांची पहिली कॅसेट घेतली. आठ गाणी होती. ती मी किती वेळा ऐकली याचा हिशोब देण्यात अर्थ नाही.

दुसरी कॅसेट ध्वनिमुद्रित झाली आणि बाजारात आली नाही. मुद्रण संपल्यावर महिन्याभरात माधव काविळीने गेला, बाकीच्या तिघांनी आपापली वाट धरली, आणि मूळ टेप त्या काळच्या पद्धतीप्रमाणे स्टुडिओने पुसून दुसऱ्या कुणाच्या भजनांसाठी वापरली. उरली ती फक्त ऐकीव कीर्ती. ज्यांनी मुद्रणाच्या वेळी दार ढकलून डोकावलं होतं ते सगळे एकच सांगत: दुसऱ्या कॅसेटमध्ये माधव जितका वर गेला तितका आधी कधी गेला नव्हता. त्या वाक्याने माझं आयुष्य खाल्लं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण आयुष्यातल्या सुट्ट्या मात्र नक्की खाल्ल्या. मी पत्रं लिहिली, ओळखी काढल्या, बेळगावपर्यंत जाऊन कुणा हौशी माणसाच्या कपाटातल्या दोनशे कॅसेटी दोन दिवस बसून ऐकल्या. गिटार वाजवणारा परदेशी स्थायिक झालेला. त्याने, जाऊ द्या हो ताई, एवढंच उत्तर पाठवलं. ड्रम वाजवणाऱ्याच्या बायकोने चहा दिला आणि तो गेल्याचं सांगितलं. “अजून त्या टेपच्या मागेच का गं तू?” असं अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ, दर दिवाळीला विचारतो. त्याच्या विचारण्यात आता थट्टाही उरलेली नाही, आणि माझ्या हसण्यातही फारसा जीव नसतो.

चौथ्या माणसाकडे मी पस्तीस वर्षांत एकदाही गेले नव्हते. पहिल्या कॅसेटच्या आतल्या कागदावर त्याचं नाव सगळ्यांत शेवटी होतं, ईरण्णा, आणि पुढे ‘बेस गिटार’. अळणावरजवळच्या खेड्यातल्या मजुराचा मुलगा, तांत्रिक शिक्षणासाठी धारवाडला आलेला, आधी स्पीकर उचलायला म्हणून बँडबरोबर हिंडायचा आणि मग चार तारांचं ते वाद्य शिकला. मांडवात तो पाठीमागे अंधाऱ्या बाजूला उभा असायचा. त्याच्याकडे काही असेल असं मला वाटलंच नाही, आणि का वाटलं नाही याचं कारण शोधायला गेलं तर ते माझ्याविषयी काही चांगलं सांगत नाही. डॉक्टरांकडून आल्यावर, दुसरं दार उरलंच नव्हतं म्हणून, मी त्याचा माग काढला. तारिहाळला त्याचं लेथचं लहानसं वर्कशॉप होतं; आमच्या दुकानापासून बसने अर्ध्या तासावर.

दसरा होऊन चार दिवस झाले होते. आश्विनातलं ऊन तारिहाळच्या पत्र्यांवर सकाळी दहालाच तापलं होतं, आणि कारखान्यांच्या फाटकांसमोर आयुधपूजेला फोडलेल्या कोहळ्यांचे कुंकवाने माखलेले तुकडे अजून वाळत पडले होते. आत यंत्रांवर झेंडूच्या माळा सुकून तपकिरी झालेल्या. तेलाचा, तापल्या लोखंडाचा आणि कोमेजल्या फुलांचा मिळून एक दाट, जड वास तिथे होता. पिशवीत मी माझा जुना टेपरेकॉर्डर घेतला होता, नवा पट्टा घालून, स्पिरिटने पुसून. इतक्या वेळा रिकाम्या हातांनी परतले होते की या वेळी आशा अशी नव्हतीच, फक्त सवय होती.

ईरण्णा साठीचा, ठेंगणा, हातांच्या रेषांत काळं तेल कायमचं मुरलेला. मी कोण, कशासाठी आले ते सांगितल्यावर त्याने आधी लेथ बंद केलं, मग हात पुसले. “बर्री अक्का, या, बसा,” म्हणाला, आणि स्टूल पुढे केलं. दुसऱ्या कॅसेटविषयी विचारताना माझा आवाज पस्तीस वर्षांच्या सरावाने अगदी सपाट झाला होता. तो म्हणाला, “आहे की.”

इतकं साधं. मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. पण मी पिशवीतला टेपरेकॉर्डर काढून मांडीवर घेतला. तो भिंतीतल्या देवांच्या फळीपाशी गेला आणि लाल खणात गुंडाळलेली एक पुडी दोन्ही हातांनी घेऊन आला. मुद्रणाच्या शेवटच्या दिवशी माधवने मूळ टेपवरून उतरवलेली ही एकच प्रत त्याच्या हातात दिली होती आणि, नीट ठेव, म्हणून सांगितलं होतं. त्याने नीट ठेवली होती. दर आयुधपूजेला तो आपलं वाद्य आणि ही कॅसेट शेजारी शेजारी ठेवत आला होता. पाणी शिंपडून, हळद-कुंकू वाहून, गंधाचं बोट ओढून, अक्षता टाकून. खण उलगडला तेव्हा कॅसेट दिसलीच नाही. दिसला तो कुंकवाचा एक थर, पस्तीस दसऱ्यांचा, त्याला चिकटलेले तांदळाचे दाणे, आणि त्यातून कसेबसे डोकावणारे दोन चाकांचे दाते.

“एकदा तरी वाजवून बघितलीत का?” मी विचारलं.

“देवाला कोण वाजवून बघतंय हो, अक्का?” त्याच्या बोलण्यात खरंच नवल होतं.

मला त्याचा राग यायला हवा होता आणि क्षणभर आलाही. पण मीही त्या कॅसेटला न ऐकताच पस्तीस वर्षं पूजलं होतं, फक्त माझं कुंकू दिसत नव्हतं. आम्ही दोघांनी मिळून ती उघडली. त्याने पेच काढले, मऊ कुंचल्याने भुकटी झाडली. आतली पट्टी जागोजाग एकमेकींना चिकटली होती आणि तिच्या कडा लाल झाल्या होत्या. तो घड्याळजीच्या सबुरीने ती एक एक वेटोळं सोडवत राहिला, मी स्पिरिटचा बोळा धरून. दोन तास गेले असतील. शेजारच्या कारखान्याचा जेवणाचा भोंगा झाला तेव्हा त्याने कॅसेट नव्या कवचात बसवली आणि माझ्या टेपरेकॉर्डरमध्ये घालून मला खूण केली. बटण मी दाबलं.

आधी खरखर आली. मग ‘ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु’ असे आकडे मोजणारा जाड, तरुण आवाज. तो ईरण्णाचाच होता, आणि तो ओशाळून हसला. मग खोल कुठेतरी एक धडधड सुरू झाली. मी वाकून कान जवळ नेला, कानातल्या नव्या यंत्राची कळ वाढवली. धडधड आणि खरखर, याखेरीज काही नाही. आणि तेवढ्यात ईरण्णाचा चेहरा बदलला. त्याचे डोळे वर गेले, तोंड किंचित उघडं राहिलं, तेलकट हाताची बोटं हवेत थांबली. “माधव...” तो म्हणाला, “वर गेला बघा, अक्का. कसा गेला बघा!” त्याचे डोळे भरून आले होते. माझ्या कानांत धडधड होती. जेमतेम वीस-पंचवीस मोजेपर्यंत ते चाललं, मग पट्टी अडकली, ताणली गेली आणि तुटली. आत लाल-तपकिरी भुकटीचा ढीग आणि पारदर्शक झालेली एक फीत उरली. पुढचं काही वाचवण्यासारखं नव्हतं.

“ऐकलात न्हवं?” त्याने विचारलं.

“ऐकलं,” मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

माझं खोटं त्याला कळलं की नाही, मला माहीत नाही. त्या भुकटीकडे बघत तो अपराध्यासारखा म्हणाला की त्याच्यापाशी द्यायला आता एकच गोष्ट आहे. पूजेच्या दिवशी तो या दुसऱ्या कॅसेटमधली आठही गाणी क्रमाने वाजवतो, दर वर्षी, आपल्या वाट्याची. नाहीतर ते आयुध कसलं? “वरचं मला येत नाही, अक्का. मी कधी गायलोच नाही.” फळीखालून त्याने ते वाद्य काढलं. त्याच्यावरही गंध होतं, फुलं होती, पण तारा झगझगीत पुसलेल्या. स्पीकर केव्हाच गेला होता, म्हणून त्याने वाद्याचा शेंडा पत्र्याच्या कपाटाला टेकवला आणि पहिली तार छेडली.

सगळं कपाट घुमलं. आणि मला ऐकू आलं. स्वच्छ, एकेक स्वर वेगळा, यंत्राशिवायही आलं असतं असं. भर दुपारी, झेंडूच्या वाळक्या पाकळ्या वाऱ्याने फरशीवर सरकत असताना, मी ‘नाल्कु मंदी’ची दुसरी कॅसेट ऐकत होते, तिची तळची बाजू. शब्द नव्हते, चाल नव्हती. कुणीतरी घरभर फिरत असावं आणि आपण खालच्या मजल्यावर बसून त्याची पावलं ऐकावीत, तेवढंच होतं. पहिलं गाणं संथ होतं, दुसरं खट्याळ. वर काय गायलं गेलं असेल याचा अंदाज करायचा मी थोडा वेळ प्रयत्न केला आणि दमून सोडून दिला. फार दिवसांची दमलेली होते मी. नुसतं ऐकत राहिले.

तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर तो थांबला. तारांवर पंजा ठेवून त्याने आवाज मिटवला आणि तसाच बसून राहिला. विसरला असेल वाटून मी विचारलं, “काय झालं, ईरण्णा?”

त्याने मान हलवली. “इथं माधव एकटाच गातो,” तो हळूच म्हणाला. “सोळा मात्रा. आम्ही सगळे गप्प बसतो.”

त्याचा पाय फरशीवर मोजत होता. मीही गप्प बसले, त्याच्या पायाकडे बघत. पाच, सहा, सात. वर्कशॉपमध्ये कुठलाच आवाज नव्हता. त्यालाही नव्हता, मलाही नव्हता. त्या सोळा मात्रांत मला कुणापेक्षाही कमी ऐकू आलं नाही. मग त्याने पंजा उचलला आणि पुढचा स्वर वाजवला.