दाजींच्या गाडीतली शिंक

देवाच्या दारात लाजेचं वाटप चाललं होतं, तेव्हा आमचे दाजी कुठल्या तरी गाडीखाली उताणे पडलेले असणार. नाव पुकारल्यावर "आलो, येवढा नट आवळून आलो" असं म्हणाले असणार आणि गेले नसणार. मग त्यांच्या वाटणीची लाज जवळचा नातेवाईक म्हणून माझ्या ओंजळीत ओतण्यात आली असावी. एरवी एका साध्या कारकुनाला आयुष्यात एवढी लाज वाटत राहावी याचं दुसरं कारण मला आजवर सापडलेलं नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. निपाणीत त्यांच्या घरची तंबाखूची वखार होती. त्यांचे भाऊ तंबाखूचं बघायचे आणि दाजी वखारीच्या मागच्या अंगाला, तंबाखूच्या पोत्यांच्या आडोशाला, आपली गाडी बघायचे.

ही गाडी दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची, विलायती. खानापूरकडं एका जंगल ठेकेदाराच्या परसात ती कोंबड्यांचं खुराडं होऊन पडली होती. दाजींनी ती कुठनं हुडकली देव जाणे, पण एके दिवशी ती त्यांनी ट्रकच्या हौद्यात चढवली आणि निपाणीची वाट धरली. वाटेत बेळगाव, आणि बेळगावात माझी कचेरी. सत्तर-बहात्तर सालची गोष्ट. मी तिथंच शहापुरात खोली घेऊन राहत होतो आणि नुकताच नोकरीत कायम झालो होतो. खिडकीशी गर्दी का झाली म्हणून मीही डोकावलो, तर ट्रकच्या हौद्यात गाडी आणि गाडीत, स्टिअरिंगच्या चक्रावर हात ठेवून, दाजी! ट्रक डावीकडं वळला की दाजीही चक्र डावीकडं फिरवत आणि मागच्या सायकलवाल्यांना हात काढून रीतसर इशारा देत. मागच्या सीटवर एक कोंबडी बसली होती, तिला बहुधा उतरायचं राहिलं होतं. दाजींनी मला पाहिलं आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं ओरडले, "आरं, गाडी घेतली रं! आक्काला सांगू नकोस आत्ताच!" साहेबांनी विचारलं, "तुमचे कोण?" मी खाली पडलेलं पेन शोधायला टेबलाखाली गेलो. पेन माझ्या खिशातच होतं.

पुढची सात-आठ वर्षं ती गाडी जुळवण्यात गेली. विलायतेतली कंपनी कधीच बुडालेली, सुटे भाग मिळणार कुठनं? पण दाजींना सगळं जगच सुट्या भागांचं दुकान दिसायचं. ते कुणाच्याही घरी गेले की माणसांकडं न बघता वस्तूंकडं बघत. आक्काची पिठाची चाळण गाडीच्या नाकात, जाळीच्या जागी गेली. तिच्या रुखवतातल्या पितळी ताटल्या एकेक करून चाकांवर बसल्या. सणाला पाहुणे आले की आक्का म्हणायची, "अवो, चार ताटल्या सोडून आणा की. जेवणं झाल्यावर लावा परत." दाजी मुकाट्यानं पाना घेऊन जात आणि ताटल्या सोडून, घासून आणत. मी त्या ताटलीत जेवलोय. वरणाला ग्रीसचा वास येत होता, पण बोलायची लाज वाटली.

हिंडलग्याला आमचे एक दूरचे नातेवाईक वारले, तेव्हा मी दाजींना घेऊन भेटायला गेलो. ही माझी चूक. त्या घरी मयताची जुनी जीप दाराशी उभी होती. आम्ही घोंगड्यावर बसलो, बायका रडायला लागल्या, मी मान खाली घातली आणि वर केली तेव्हा शेजारी दाजी नव्हते. थोड्या वेळानं मयताचा मुलगा बाहेर गेला. जीपखालून दोन पाय बाहेर आले होते. तो बिचारा वाकून म्हणाला, "पाव्हणं, आमचं दुःख आत हाय." जीपखालून दाजींचा आवाज आला, "व्हय व्हय, आलोच. पण आण्णांनी ह्या जीपचं लई हाल केल्यात बघा. तेल बघितलं न्हाय कधी." त्या घरी पुढं कुठलंही कार्य निघालं, तरी मी स्वतः न जाता मनिऑर्डरीनं आहेर पाठवत असे.

आणि मग माझ्या लग्नाचं निघालं. दोन ठिकाणी मला बघून लोकांनी "मुलगा बोलत नाही" म्हणून नकार कळवला होता. तिसरं स्थळ संकेश्वरचं होतं. मुलीचा फोटो आला आणि काय सांगू, मी तो खिशात ठेवूनच कचेरीत जाऊ लागलो. आता हे स्थळ हातचं जाऊ नये एवढीच माझी इच्छा होती. आई-वडील नव्हते, तेव्हा आक्का आणि दाजी घेऊन जाणार. मी निपाणीला पोचलो, तर वखारीसमोर गाडी उभी! काळीभोर, ताटल्या लखलखताहेत, बॉनेटवर कुंकवाची पाच बोटं. "बसनं जाऊ या की दाजी," मी म्हणालो. दाजींना ते ऐकूच आलं नाही. "तुझ्यासाठनंच तर गडबडीनं सीटा भरून घेतल्या. बस बस!"

मी बसलो आणि शिंकलो. आक्का म्हणाली, "निघताना शिंक? खाली उतर, पाणी पी, मग बस." उतरलो, पाणी प्यालो, बसलो. शिंकलो. पुन्हा उतरलो. आमच्याकडं शिंकेनंतर पाण्याचा घोट घेतल्याशिवाय कुणी उंबरा ओलांडत नाही, त्यामुळं तांब्या रिकामा झाला तरी आम्ही वखारीच्या दारातच. पोट पाण्यानं डबडबलं. शेवटी दाजी वैतागले, "ही अपशकुनाची शिंक न्हवं, बेळगावच्या गारठ्याची हाय. वारं लागलं की जातीया." वारं लागलं आणि शिंका दुप्पट झाल्या. दाजी आणि आक्का मात्र पुढं मजेत बसलेले. त्यांच्या नाकाला काही म्हणता काही नाही. मला वाटलं, माझ्यातच काही तरी खोट आहे. तसं मला नेहमीच वाटतं.

संकेश्वरात उतरलो तेव्हा माझे डोळे लाल, नाक टोमॅटो, रुमाल पिळून निघालेला. मुलीचे वडील "बर्री, बर्री" करत कानडीतनं स्वागताला आले आणि मला पाहून थबकले. पोहे आले, मुलगी आली, गेली. फोटोपेक्षा चांगली होती, पण मला ती पाण्यातनं बघितल्यासारखी दिसली. तिच्या वडिलांनी दाजींना बाजूला घेतलं, पण घर लहान, सगळं ऐकू आलं. "रागावू नका, पण पोराच्या मनाविरुद्ध तर न्हाय न्हवं हे? रडत आलाय त्यो." दाजींनी माझी बाजू सावरली. "छ्या, छ्या! त्यो ल्हानपणापास्नं असाच हाय."

एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण दाजींना गाडी दाखवल्याशिवाय राहवेना. "बसून तर बघा सायेब, गादी कशी हाय." वडील बसले. शेजारी मुलीची आत्या बसली. घरात शब्द तिचा चालत होता. वडील प्रसन्न होऊन म्हणाले, "मग पाव्हणं, आमच्याकडनं होकार सम—" आणि असे शिंकले की टोपी उडाली. पाठोपाठ आत्या शिंकली. आत्या गाडीतनं उतरली, पदर खोचला आणि म्हणाली, "होकाराच्या तोंडावर शिंक. मोडलं म्हणायचं. दुसरं स्थळ बघा बाबा तुम्ही." मी खिशावर हात ठेवला. फोटो तिथंच होता.

मी खाली बघत उभा होतो, म्हणून मला आधी फक्त हिरव्या बांगड्यांचा आवाज आला. मुलगी बाहेर आली होती. तिनं गाडीत डोकं घातलं, हुंगलं आणि सीटेच्या उसवलेल्या शिवणीत दोन बोटं घालून आतलं ओढून काढलं. बारदान! वखारीतलं, वर्षानुवर्षं तंबाखू खाल्लेलं बारदान. नुसतं झटकलं तर पिवळा धुरळा उठला. "आत्या, शिंक ह्येची हाय," ती म्हणाली आणि लगेच शिंकली. मग हसू लागली. तिचे वडील हसू लागले. आत्याही शेवटी म्हणाली, "तंबाखूची शिंक व्हय? मग ती देवाच्या हिशेबात धरत न्हाईत." लग्न ठरलं.

सगळे हसत होते, दाजी सोडून. ते हातात बारदानाचा तुकडा घेऊन उभे होते. नाकाशी नेत, हुंगत, पुन्हा नेत. तंबाखूच्या वखारीत जन्मलेलं नाक. त्याला तंबाखूचा वास म्हणजे हवा. "मला येतच न्हाय रं वास," ते हळूच मला म्हणाले. "तुझं लगीन मोडत हुतं माझ्या गादीनं." त्यांचे कान लाल झाले होते. लाज वाटल्यावर दाजी कसे दिसतात हे मी पहिल्यांदा पाहिलं आणि मला ते अजिबात आवडलं नाही. ती माझ्याकडची वस्तू होती, मला तिची सवय होती. परतीच्या वाटेवर त्यांनी एकदाही भोंगा वाजवला नाही. समोर म्हशी आल्या तरी नाही.

लग्नाला ते बसनं आले. बायको, म्हणजे तेव्हाची नवरी, मुंडावळ्या सावरत म्हणाली, "गाडी कुठाय? मी चालत वरात काढणार न्हाय." माणूस पाठवून गाडी मागवली. दाजींनी सगळ्या सीटा उपसून टाकल्या होत्या. मग आम्ही दोघं लग्नाचे पाट मांडून गाडीच्या तळाशी बसलो. बाहेरच्यांना खिडकीतनं नुसत्या दोन मुंडावळ्या जाताना दिसल्या. मला लाज वाटली, पण घरची लाज. बरं वाटलं.

पुढं बरीच वर्षं गाडी सीटांशिवायच राहिली. वखार भावांनी मोडली, दाजी थकले. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला आम्ही दोघं निपाणीला गेलो, तर दाजी दारातच वाट बघत होते. "ये ये, तुझ्या नाकाचं काम हाय." गाडीत नव्या सीटा होत्या. रानातनं सावरीची बोंडं वेचून, आतला कापूस स्वतः पिंजून त्यांनी त्या भरल्या होत्या. एवढी वर्षं थोडीथोडी जमवत होते, कुणाला न सांगता. "तंबाखूचा एक कण न्हाय. बस."

मी पुढं बसलो, बायको मागं. दाजी दाराला धरून माझ्या नाकाकडं बघत उभे राहिले. आणि सावरीच्या कापसाची एक हलकी म्हातारी शिवणीतनं उठली, तरंगली आणि सरळ माझ्या नाकात गेली.

मी आयुष्यात बरंच काही दाबून ठेवलंय, पण त्या शिंकेइतकं काहीच नाही. पायाची बोटं आवळली, जीभ टाळूला लावली, श्वास कोंडला. डोळे भरून आले आणि पाणी गालावर उतरलं.

"आली?" दाजींनी विचारलं.

मी मान हलवून नाही म्हटलं. त्यांचा चेहरा असा उजळला की चाकांवरच्या ताटल्या फिक्या पडाव्यात. मग माझे डोळे पाहून त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "आरं, रडतोस काय, येड्या? गादीच हाय ती." आणि खिडकीतनं हात घालून भोंगा वाजवला. अख्ख्या गल्लीला ऐकू गेला. मागच्या सीटवर बायको तोंडाला पदर लावून बसली होती. तीही काही तरी दाबत होती.

ती शिंक मी बसस्टँडपर्यंत नेली. त्या दिवशी डोळ्यांत आलेलं पाणी सगळं शिंकेचंच होतं का, हे मात्र बायकोनं कधी विचारलं नाही, आणि मलाही सांगायची लाजच वाटली.