तिसऱ्या प्रकरणातली चूक

मधुकर सोनवणे गेल्याचं त्यांच्या थोरल्या भावाने, भिकादादांनी, फोनवर सांगितलं. "भाऊ, मधू गया," एवढंच. फोन यंत्रमागाच्या कारखान्यातून होता. मागांच्या खडखडाटात पुढचं ऐकू आलं नाही. हृदयविकाराचा झटका वर्गातच आला होता. त्याला आता पाच आठवडे झाले.

मधुकर सुरतेतल्या एका महाविद्यालयात गणित शिकवत. वडील खानदेशातून यंत्रमागावर कामाला आले, भिकादादा त्याच कामात राहिले, मधुकर शिकले. घरात अहिराणी, वर्गात गुजराती, प्रबंध इंग्रजीत. मी त्यांचा मित्र, गणितातला नाही; विषय त्यांनी मला तीनदा समजावला. पट्टीवरची अक्षरं एकेक करून वाचणारं एक कल्पित यंत्र. त्याच्याकडे वही नाही, मोजक्या अवस्थांपैकी आपण कोणत्या अवस्थेत आहोत तेवढीच त्याची आठवण. क्वांटम यंत्र एकाच वेळी अनेक अवस्थांत असू शकतं, पण त्याचं पाऊल उलटं फिरवता यावं लागतं. त्यामुळे शेवटचं अक्षर कोणतं होतं, हा सोपा प्रश्नही त्याला जड जातो. "त्याला मागचं विसरता येत नाही. आमच्या आईसारखं," मधुकर म्हणाले होते. म्हणून त्यांनी दोन्ही प्रकारच्या अवस्था एका यंत्रात जोडल्या: विसरण्याचं काम साध्या भागाकडे, नाजूक काम क्वांटम भागाकडे. हे किती कमी अवस्थांत भागतं, ते प्रबंधात सिद्ध केलं होतं. मार्गदर्शकांनी तो मंजूर केला होता. बढती त्यावरच अडली होती.

प्रबंध सादर करायच्या आधीच्या रविवारी मी सुरतेतल्या लिंबायत वस्तीत, दोघा भावांच्या घरी जेवायला होतो. भिकादादांनी विचारलं, "काय लिखं वरीसभर? माले बी सांग."

मधुकर सांगू लागले. यंत्र अक्षर वाचतं, मध्येच क्वांटम भागाकडे पाहतं, जे दिसलं त्यावरून साधा भाग बदलतो, आणि क्वांटम भाग पुढे चालू राहतो.

"कोठून चालू राहस?"

"जठे व्हता तठून."

भिकादादा हसले, मागावरच्या उभ्या धाग्यांचा दाखला देत म्हणाले, "येडा शेस का? ताण्याना धागाले बोट लावा का ताण बदलस. मंग आधीना ताण कोठून आनशी?"

मधुकरांनी घास ताटात ठेवला. म्हणाले, "वहिनी, आते वाढू नका."

पाहिलं की क्वांटम अवस्था बदलते, हे त्या शास्त्राचं पहिलं तत्त्व. तिसऱ्या प्रकरणात मात्र त्यांनी पाहण्याआधीची अवस्था पाहिल्यानंतरही वापरली होती. "एवढ्या खोलात कोण जाणार आहे?" मार्गदर्शक म्हणाले. मधुकरांनी प्रबंध सादर करायचं थांबवलं. बढती दुसऱ्याला मिळाली. दुरुस्तीला वर्ष लागलं. अवस्था आधी सांगितल्यापेक्षा जास्त लागत होत्या, निष्कर्ष लहान झाला. आभाराच्या पानावरून पुन्हा वाद झाला. घरच्यांचे आभार एकत्र माना, विणकर भावाचं नाव वेगळं कशाला, असं मार्गदर्शकांचं म्हणणं. "घरचे म्हणून नाही लिहिलं," मधुकर म्हणाले आणि नाव ठेवलं. प्रबंध सादर झाला. तोंडी परीक्षेच्या आधी ते गेले.

गेल्या आठवड्यात लिंबायतला गेलो. भिकादादांनी साडीच्या प्लास्टिकच्या पिशवीतून प्रबंध काढला आणि थेट आभाराचं पान उघडलं. त्यांना इंग्रजी येत नाही. शेजारच्या कोणीतरी त्यांना त्यांच्याबद्दलच्या ओळीतले दोनच शब्द वाचून दाखवले होते: त्यांचं नाव, आणि 'चूक'.

"मन्हामुये त्यानी बढती गई ना?" ते म्हणाले. "चूक मन्ही, आशे लिखेल शे का?"

इतके दिवस हा माणूस ते मनात घेऊन मागावर उभा होता. मी ओळ मराठीत वाचली: तिसऱ्या प्रकरणातली माझी चूक भिका सोनवणे यांनी ओळखली.

"'माझी' म्हंजे मधूनी?"

"मधुकरांचीच."

"त्यानीच लिखं?"

"त्यांनीच."

भिकादादांनी प्रबंध माझ्याकडे सरकवला. म्हणाले, "परत वाच."