न चाखलेला दुधी

भाजी निवडण्यात माझा हात धरणारं अख्ख्या दुर्गाघाटावर कुणी नाही, अशी बाविसाव्या वर्षी माझी पक्की समजूत होती. दुधी हाताला जड लागला पाहिजे, अंगावर बारीक लव पाहिजे, देठ हिरवा पाहिजे आणि नख लावताच रुतलं पाहिजे. भाजीवाली खेकसायची, "नाखून मत गड़ाओ बिटिया, एकदम बतिया है!" तिचा दुधी कोवळा आहे हे मला दिसत असायचंच, तरी मी आणखी एक नख मारायची. नव्वदीच्या दशकातल्या त्या उन्हाळ्यात मी रोज दुधीच आणत होते, कारण बाबांना कावीळ झाली होती.

बाबा पाठशाळेत शिकवायचे. महिन्याभरात त्यांचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले आणि सदरा खांद्यावरून लोंबायला लागला. वैद्यांनी दुधी, पडवळ, दोडका एवढंच सांगितलं होतं. तेल बंद, तिखट बंद. आई ते पथ्य जीव ओतून करायची. दुधी आधी धुवायचा आणि मग चिरायचा, चिरून धुतला की सत्त्व पाण्यात जातं, हे ती मला रोज नव्यानं बजावायची. फोडी मोठ्या ठेवायच्या, झाकणात पाणी घालून मंद आचेवर शिजवायच्या, वर जिरं, सैंधव आणि आल्याचा कीस. अंगचा रस फेकायचा नाही, तो फोडींबरोबर वाटीत द्यायचा. ही भाजी खरं तर बेचव लागायला हवी, पण तिच्या हातची गोड लागायची.

एक गोष्ट मात्र आमच्या घरात होत नसे. शेजारपाजारच्या बायका दुधी चिरताना एक चकती जिभेला लावून बघत, कारण एखादा दुधी कडूजहर निघतो. आमच्याकडे देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय काही चाखायचं नाही, मुद्दाम वाससुद्धा घ्यायचा नाही. मीठही अंदाजानंच. आईचा अंदाज कधी चुकत नसे, त्यामुळे सोवळ्याचा तोरा काही विचारूच नका.

त्या दिवशी विळीवर दुधी चिरताना माझा अंगठा कापला आणि काही कळायच्या आत तोंडात गेला. रक्ताची चव आलीच नाही. जीभ आखडली, कडूपणा घशाशी जाऊन बसला. मी अंगठा ओढणीला पुसला आणि फोडींकडे बघत राहिले. पांढऱ्याशुभ्र होत्या, एकही जून बी नव्हतं.

"झालं का गं चिरून? ह्यांची पूजा आटपत आली," आई आतून म्हणाली.

दुधी खराब आहे म्हणाले असते, तर तुला कसं कळलं, हा प्रश्न ठरलेला होता. चाखला म्हणाले असते, तर चुलीवरचा वरणभातही उष्टा ठरला असता. आई पुन्हा नहायला गेली असती, पुन्हा चूल सारवली असती आणि आजारी माणूस दोन वाजेपर्यंत उपाशी बसला असता. आठच दिवसांपूर्वी मी पारोशानं तांदळाच्या डब्याला हात लावला म्हणून घरात रामायण झालं होतं. शिवाय दुधी माझ्या पसंतीचा. कडू पोटाला चांगलंच, कारलं नाही का खात आपण, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि परात उंबऱ्याच्या आत सरकवली. मला भीती वाटत होती, हेही खरं.

दुधी फक्त बाबांपुरता असे, आम्हा दोघींना बटाटा. नैवेद्य झाला, बाबा पानावर बसले. पहिल्या घासाला त्यांचा हात थांबला. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं. अन्नाला नावं ठेवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं आणि प्रसाद पानात टाकणं तर त्यांच्या लेखी पापच. ते मुकाट्यानं जेवले. शेवटी वाटी उचलून त्यांनी तळाचा रसही पिऊन टाकला. ओरडावं असं मला वाटत होतं. मी त्यांच्या भांड्यात पाणी ओतलं.

तासाभरात उलट्या सुरू झाल्या आणि मग उलटीतून रक्त पडायला लागलं. गल्लीत गाडी येत नाही, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना खुर्चीत बसवून सडकेपर्यंत उचलून नेलं. इस्पितळात एका तरुण डॉक्टरनं विचारलं, "आज क्या खाया था?"

"लौकी," आई म्हणाली.

"कड़वी तो नहीं थी?"

"हमारे यहाँ भोग से पहले चखते नहीं." मग ती माझ्याकडे वळली. "तू चिरलास ना? कसा होता गं?"

बाबा खाटेवर डोळे मिटून पडले होते, बोलण्याची ताकद त्यांच्यात उरली नव्हती. डॉक्टर पेन कागदावर टेकवून थांबला होता. आता सांगायलाच हवं, हे मला स्वच्छ कळत होतं.

"ठीक थी," मी म्हणाले.

त्यानं काविळीचंच काहीतरी लिहिलं. तिसऱ्या दिवशी पहाटे बाबा गेले.

मणिकर्णिकेवरून पुरुषमंडळी परतली, तेव्हा आई स्वयंपाकघराच्या दारात बसून होती. मी शेजारी जाऊन बसले, तेव्हा तिनं माझा हात धरला.

"खरं सांग, माझ्या हातून तर काही झालं नाही ना गं?"

"नाही आई, तुझ्या हातून काही नाही झालं," मी म्हणाले. त्या आठवड्यात मी खरं बोलले ते एवढंच.